प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि डोपामाइन: वर येणारी वाट आणि खाली जाणारी वाट

‘डोपामाइनचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर परिणाम होतो’ आणि ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स डोपामाइनचे स्रवण नियंत्रित करतो’ ही दोन विधाने मेंदूविषयीच्या लोकप्रिय लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्ही खरी आहेत. मात्र त्यांची दिशा वेगळी आहे, वाहून नेले जाणारे रसायनही वेगळे आहे.

पहिले विधान बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात. डोपामाइन हे पेशींमध्ये संदेश नेणारे रसायन; ते बनवणाऱ्या पेशींचा मोठा साठा मध्यमेंदूत असतो आणि तेथील व्हेंट्रल टेगमेंटल एरिया, म्हणजेच व्हीटीए, या लहानशा भागातून निघालेले तंतू कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये येऊन डोपामाइन सोडतात. १९७९ साली ब्रोझोस्की आणि सहकाऱ्यांनी रीसस माकडांच्या या भागातील डोपामाइन जवळजवळ संपवले, तेव्हा क्षणभर एखादी गोष्ट ध्यानात ठेवून करायच्या कामात ती माकडे तो भागच काढून टाकल्यासारखी अडखळू लागली.

खरा घोटाळा दुसऱ्या विधानात आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून मध्यमेंदूकडे उतरणारे तंतू डोपामाइन सोडत नाहीत, ग्लुटामेट सोडतात. ग्लुटामेट उत्तेजक आहे हे एकदा कळले की वाचक लगेच निष्कर्ष काढतो की हा भाग जितका सक्रिय, तितके सगळीकडे डोपामाइन जास्त. याच्या नेमके उलट, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे डोपामाइनचा ब्रेक, असे ठोकून देणारेही पुष्कळ आहेत, आणि या ब्रेकच्या उपमेचा मला मनापासून कंटाळा आला आहे, कारण तिच्यात ‘कोणत्या पेशीवर?’ हा प्रश्नच गडप होतो.

या प्रश्नाचे उत्तर कार आणि सेसॅक यांनी २००० साली उंदरांच्या व्हीटीएमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून आलेल्या तंतूंची टोके त्यांना मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींवर टेकलेली दिसली. एक, ज्यांचे तंतू परत प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडेच जातात अशा डोपामाइन पेशी. आणि दुसऱ्या, ज्यांचे तंतू न्यूक्लियस अक्युम्बन्सकडे, म्हणजे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेल्या मेंदूतील खोल भागाकडे, जातात अशा गाबा पेशी, म्हणजे इतरांना शांत करणाऱ्या. अक्युम्बन्सला डोपामाइन पुरवणाऱ्या पेशींवर मात्र ही टोके थेट टेकलेली आढळली नाहीत. म्हणजे वरून आलेला एकच उत्तेजक संदेश स्वतःकडे येणारे डोपामाइन वाढवू शकतो आणि त्याच वेळी, गाबा पेशींच्या मार्फत, अक्युम्बन्सच्या बाजूला आवर घालू शकतो. ‘वाढवतो की कमी करतो?’ असे विचारणाऱ्याने आधी मेंदूतील ठिकाण सांगितले पाहिजे.

ठिकाणाइतकाच संदेशाचा वेगही महत्त्वाचा ठरतो. जॅक्सन, फ्रॉस्ट आणि मोघद्दम यांनी २००१ साली उंदरांचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स विद्युत झटक्यांनी उत्तेजित केला, तेव्हा सेकंदाला १० स्पंदनांवर अक्युम्बन्समधील डोपामाइन घटले आणि ६० स्पंदनांवर वाढले. पेशींच्या नैसर्गिक वेगाशी जुळणारा आकडा पहिला आहे, त्यामुळे जोरदार उत्तेजनाच्या एखाद्याच प्रयोगावरून सर्वसाधारण नियम बांधणे मला उतावीळपणाचे वाटते. त्याच वर्षी स्ट्राफेला आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या डाव्या डॉर्सोलॅटरल, म्हणजे वरच्या-बाहेरच्या बाजूच्या, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने दिली, तीही सेकंदाला १०च, आणि पेट स्कॅनवर त्याच बाजूच्या कॉडेट न्यूक्लियस या कॉर्टेक्सखालच्या भागात डोपामाइनचे स्रवण वाढल्याचे दिसले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत: प्राणी वेगळा, कॉर्टेक्सचा भाग वेगळा आणि डोपामाइन मोजले तो भागही वेगळा.

दोन्ही वाटा एकमेकींत गुंततात, हे मात्र खरे. पायकॉक आणि सहकाऱ्यांनी १९८० साली उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील डोपामाइनचे तंतू नष्ट केले, तेव्हा कॉर्टेक्सखालच्या भागांतील डोपामाइनची उलाढाल वाढली. वर येणारी वाट तुटल्यावर खाली जाणारा लगाम सैल झाला, असा त्याचा अर्थ लावला गेला. वाइनबर्गर यांनी १९८७ साली स्किझोफ्रेनियाविषयी जी मांडणी केली, तिच्यातही वर डोपामाइनची उणीव आणि खाली त्याचा अतिरेक एकत्र नांदतात. त्यामुळे या आजाराला सरसकट ‘डोपामाइन जास्त झाल्याचा आजार’ म्हणणाऱ्या लेखांत प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा उल्लेख आला, तरी त्याची बाजू सहसा चुकीचीच मांडलेली असते.