गिझर दिवसभर चालू ठेवला की वीज वाचते?

पुण्यात थंडी पडली की मेसेज फिरतो: ‘गिझर बंद-चालू केल्याने जास्त वीज जाते, चालूच ठेवा.’

तसं होत नाही. मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, गिझरची कॉइल तशी ओढत नाही. १५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, केव्हाही तापवा. मात्र गरम टाकीतून उष्णता बाहेर जात राहते (बाथरूमची खिडकी उघडी असली तर जरा जास्तच). हाच ‘स्टँडिंग लॉस’. स्टार लेबलवर त्याचा २४ तासांचा आकडा छापलेला असतो. बंद टाकी निवते, तशी ही गळतीही घटते.

पडताळायचंय? पाणी तापून दिवा विझला की नळ उघडू नका. काही वेळाने दिवा आपोआप लागेल आणि मीटरची लाल टिकली भराभर लुकलुकेल.