सुरुवात व्याख्येपासून की प्रश्नापासून? कृतीतून गणित शिकवण्यामागचा इतिहास

माध्यमिक शाळेत गणित कृतीतून शिकवावं, ही कल्पना नवी नाही. फ्रेंच गणिती अलेक्सी क्लेरो यांनी १७४१ मध्ये भूमितीचं पुस्तक लिहिलं, तेव्हा सुरुवात व्याख्यांपासून न करता जमीन मोजण्याच्या प्रश्नांपासून केली.

हाच धागा रोममधल्या शिक्षिका एम्मा कास्तेलनुओव्हो यांनी १९४८ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात पुढे नेला. त्यांची एक कृती आजही कुठल्याही वर्गात करता येते. दोऱ्याची टोकं बांधायची आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीवर ताणून आयत करायचा. परिमिती ४० सेंटिमीटर असेल, तर १० बाय १० चं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, १५ बाय ५ चं ७५ आणि १९ बाय १ चं अवघं १९. दोरा तोच, म्हणजे क्षेत्रफळही तेच असणार, असं धरून चाललेली मुलं इथे थबकतात आणि कारण शोधू लागतात. मला या कृतीचं मोल फार वाटतं, कारण इथे प्रश्न मुलांचा स्वतःचा असतो.

पुढच्या दशकात मात्र वारं उलटं फिरलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि शाळेतल्या गणित-विज्ञानात आपण मागे पडलो, असा अमेरिकेने धसका घेतला. १९५८ पासून तिथे गणिती एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली ‘नव्या गणिता’ची पुस्तकं तयार होऊ लागली. युरोपातही १९५९ मध्ये फ्रान्समधल्या रॉयोमाँ इथे झालेल्या गणितशिक्षणाच्या परिषदेत फ्रेंच गणिती झाँ द्यूदोने यांनी युक्लिडची भूमिती हटवण्याची मागणी केली. घोकंपट्टी थांबावी, हा हेतू चांगलाच होता. पण गणिती जिथे शेवटी पोचतात, त्या संच आणि संरचनांपासून मुलांना सुरुवात करावी लागली. पालक आणि शिक्षक गोंधळले, आणि १९७० च्या दशकात ही लाट ओसरली.

नेदरलँड्समध्ये गणिती हान्स फ्रॉइडेन्थाल यांनी या वाटेला ठाम विरोध केला. मार्गदर्शन घेत मुलांनी गणित पुन्हा शोधून काढावं, असं ते म्हणत. आजची ‘दैनंदिन जीवनातली उदाहरणं’ बरीचशी याच विचारातून आली. मात्र तयार सूत्राला गोष्ट चिकटवणं त्यांना अभिप्रेत नव्हतं.

या शतकाच्या सुरुवातीला मार्कुस होहेनवार्टर यांचं जिओजेब्रा हे संगणकावर आकृत्या काढून हलवून पाहण्याचं सॉफ्टवेअर आलं. त्रिकोणाचा शिरोबिंदू पडद्यावर कुठेही ओढला, तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते. ती का राहते, हे मात्र शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून मुलांना स्वतःच सिद्ध करावं लागतं.