डोलकाठी पोकळच बरी

१९६२ साली ब्रिटनमध्ये मिरर नावाची प्लायवूडची छोटी शिडाची होडी आली आणि लोकांनी ती घरच्या गॅरेजमध्ये हजारोंनी बांधली. आता आपल्याकडेही काही हौशी असे उद्योग करतात, पण डोलकाठीचा विषय निघाला की सल्ले सुरू: "भरीव सागवानच घे रे, पोकळ केलीस तर पहिल्याच वाऱ्याला मोडेल." भरीव म्हणजे मजबूत हे डोक्यात फिट्ट बसलंय. हिशोब मात्र वेगळाच आहे आणि मला तो जाम आवडतो.

काठी वाकते तेव्हा एका बाजूचं लाकूड ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं आणि मधोमध असलेलं नुसतं बसून असतं. मध्यापासून जितकं लांब तितका ताण जास्त, शिवाय तरफेचा हातही तितकाच लांब, म्हणजे दुप्पट अंतरावरचं लाकूड चौपट काम करतं, त्यात बाहेरच्या घेरात लाकूडही जास्त मावतं, म्हणून गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ८० मिमीच्या काठीत ४८ मिमीची पोकळी ठेवली, म्हणजे ०.६ पट. वर्ग ०.३६, वजन ३६ टक्के गेलं. चौथा घात ०.१३, ताठपणा फक्त १३ टक्के गेला! तोही परत हवा असेल तर पोकळीचं प्रमाण तेच ठेवून व्यास ८३ मिमी करा, वजन तरी तीसेक टक्के कमीच राहतं. आणि उंचावरचं वजन घटलं की होडी कमी कलंडते. फार पातळ केलं तर भिंत चेपते, बांबूला पेरं असतात ती उगाच नाहीत. म्हणून बुडाला, टोकाला आणि बोल्ट येतात तिथे आत भरीव ठोकळे चिकटवतात.

एवढं लांब भोक पाडायचं कसं? पाडायचंच नाही. साधारण ३२ बाय १६ मिमीच्या आठ पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या एका कडेला काटकोनी खाच, त्यात शेजारणीची कड बसते, आठवी पहिलीत अडकली की अष्टकोनी नळी तयार. इपॉक्सी हा पक्का गोंद लावून पाइपच्या क्लिपा आवळायच्या, सुकलं की रंध्याने आधी सोळा बाजू, मग गोल. लाकूड सरळ रेषांचं, बिनगाठीचं हवं. सिटका स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाचा ताठपणा सागाच्या जवळपास जातो, वजन मात्र बरंच कमी.

विलायतेत डोलकाठीखाली नाणं ठेवतात, आपल्याकडे नारळ फुटतो. खुशाल करा, पण बुडाशी पाणी निघायला भोक ठेवा, काठी दृष्ट लागून नाही, कुजून मोडते.

सुकाणूचं पातंही वाकतंच, तिथेही बाहेरचे थर काम करतात. प्लायवूडच्या जवळपास निम्म्या थरांच्या रेषा आडव्या असतात, म्हणून बाहेरचा थर उभ्या रेषांचा येईल असं कापा. पुढची कड गोलसर, जाडी पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळ्यात जास्त, मागे निमुळती. नुसती सपाट फळी लावली तर थोडी वळवली तरी पाणी तिच्या पाठीवरून सुटतं आणि सुकाणूचा ब्रेक होतो. घासताना थरांच्या रेषा उघड्या पडतात, दोन्ही बाजूंना त्या सारख्या दिसल्या की आकार जमला.