युनिट जास्त विकले म्हणजे नफा जास्त?

‘वीज कंपनी कमावते ती युनिट विकून’ हा समज जुना आहे. दर नियामक ठरवत असेल, तर खर्च-अधिक-परतावा पद्धतीत नफा मुख्यतः गुंतवलेल्या भांडवलावर मिळतो.

समजा, नव्या वीजवाहिनीला 100 खर्च आला. आयुष्य 40 वर्षे, मंजूर परतावा 10 टक्के. पहिल्या वर्षी दरात घसारा (खर्चाचा वर्षाचा हिस्सा) 2.5 आणि परतावा 10, म्हणजे 12.5 चढतात. त्याऐवजी जुन्याच तारांवर सेन्सर भाड्याने घेतले आणि वर्षाला 5 लागले, तर तेवढेच वसूल होतात, नफा शून्य. मग सेन्सर कोण बसवणार?

खरं तर सेन्सरचा उपाय साधा आहे. तारेची क्षमता उन्हाळा आणि मंद वारा गृहीत धरून ठरवलेली असते. वारा सुटला की तार थंडावते, झोळ कमी होतो, जास्त प्रवाह चालतो. सेन्सर नेमकं हेच मोजतो.

भांडवलाकडे झुकण्याची ही खोड ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्येच दाखवली होती. ब्रिटनच्या नियामकाने 2013 पासून भांडवली आणि चालू खर्च एकत्र धरून त्यातला ठरावीक हिस्सा परताव्याला पात्र ठरवला. बचत झाली तर तीही कंपनी आणि ग्राहकांत वाटली जाते. अर्थात खर्चाचं लक्ष्य सैल ठेवलं, तर कंपनी फुकटची बचत खिशात घालते.