निटांचा हिशेब: एचडीआर व्हिडिओतील रंगांच्या अचूकतेची पार्श्वभूमी

एचडीआर (खोल काळोखापासून प्रखर उजेडापर्यंतची मोठी कक्षा जपणारे) चित्रीकरण संपादित करून एक्सपोर्ट केले की चित्र फिकट, राखाडी किंवा उलट भडक दिसते, ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण सहसा सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत शोधले जाते, प्रत्यक्षात मात्र ते दूरचित्रवाणीच्या एका जुन्या सवयीत आहे. फाइलमधील आकडा पडद्यावर नेमका किती प्रकाश उमटवतो, हे अनेक दशके कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने (आयटीयू) 1990 मध्ये बीटी.709 हे मानक मान्य केले. कॅमेऱ्याने प्रकाशाचे सिग्नलमध्ये रूपांतर कसे करावे, हे त्यात होते. पडद्याने तो सिग्नल पुन्हा प्रकाशात कसा उतरवावा, हे नव्हते. स्टुडिओत आणि घरोघरी काचेची पिक्चर ट्यूबच असल्यामुळे आणि तिचा गॅमा (सिग्नल वाढला की प्रकाश किती वाढतो, हे सांगणारी वक्ररेषा) तिच्या घडणीतूनच ठरत असल्यामुळे ते लिहिण्याची निकड कोणाला भासली नाही. ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग जुळवण्याच्या, खोलीतील मॉनिटरवर पांढरा रंग सुमारे 100 निटांवर (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) धरला जाई, आणि घरचा टीव्ही त्याहून उजळ असला तरी चित्राचा तोल फारसा बिघडत नसे. सपाट पडद्यांनी ट्यूबची जागा घेतल्यावर मात्र हा अलिखित करार उघडा पडला. संदर्भ-पडद्याचा 2.4 गॅमा सांगणारे बीटी.1886 हे मानक 2011 मध्ये आले, म्हणजे ट्यूब जवळजवळ नामशेष झाल्यावर.

तोपर्यंत उजळ पडद्यांचे काम बरेच पुढे गेले होते. कॅनडातील ब्राइटसाइड या कंपनीने एलसीडीमागचे दिवे भागाभागाने कमीजास्त करून प्रखर उजेड आणि खोल काळोख एकाच चौकटीत दाखवला होता; डॉल्बीने 2007 मध्ये ती कंपनी विकत घेतली. पडदा हजारो निटांपर्यंत न्यायचा, तर जुना गॅमा पुरेना. त्याच्या पायऱ्या उजळ भागात गरजेपेक्षा जास्त खर्च होतात आणि सावल्यांत कमी पडून आकाशात किंवा भिंतीवर पट्टे दिसू लागतात. म्हणून डॉल्बीच्या अभियंत्यांनी ट्यूबऐवजी माणसाचा डोळा प्रमाण मानला. डोळ्याला उजेडातील किती बारीक फरक कळतो, याविषयीच्या पीटर बार्टेन यांच्या प्रारूपावर त्यांनी पीक्यू ही वक्ररेषा बेतली, आणि 2014 मध्ये ती एसएमपीटीई या चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेकडून एसटी 2084 या नावाने मानक झाली. तिची मर्यादा 10,000 निट आहे. 100 निट सिग्नलच्या साधारण मध्यावर येतात, 1,000 निट सुमारे 75 टक्क्यांवर. येथे प्रत्येक आकड्याला निटांत ठरलेला अर्थ आहे, आणि पडदा तेवढा उजळ नसेल तर जास्तीच्या उजेडाचे काय करायचे हे टीव्हीने ठरवायचे.

थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना ही व्यवस्था गैरसोयीची होती. ब्रिटनची बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी मिळून एचएलजी ही दुसरी पद्धत तयार केली आणि जपानमध्ये 2015 साली तिचे मानक झाले. तिचा खालचा भाग जुन्या गॅमासारखा आणि वरचा भाग लॉगरिदमी आहे. तिच्यात सिग्नल सापेक्ष असतो, सोबत मेटाडेटा (चित्राविषयीची जादा माहिती) पाठवावा लागत नाही, आणि एचडीआर न समजणाऱ्या टीव्हीवरही चित्र पाहण्याजोगे राहते. बीटी.2100 या 2016 च्या मानकात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी बसवण्यात आल्या. तडजोड म्हणून ते शहाणपणाचे होते, पण तिचा भार शेवटी संपादकाच्या टेबलावर आला. एकाच टाइमलाइनवर पीक्यू आणि एचएलजी क्लिप आल्या, की रूपांतर करताना पडदा किती निटांचा समजायचा, हे कोणाला तरी सांगावेच लागते.

रंगव्याप्तीची, म्हणजे किती रंग दाखवता येतात याची, कथा थोडक्यात सांगता येते. 2012 च्या बीटी.2020 मानकातील मूळ रंग (लाल, हिरवा, निळा) इतके शुद्ध आहेत की ते पूर्णपणे दाखवणे लेझरखेरीज इतर पडद्यांना कठीण जाते; म्हणून बहुतेक मास्टर (अंतिम मूळ प्रती) डिजिटल सिनेमाच्या पी3 व्याप्तीत रंगवून 2020 च्या चौकटीत ठेवले जातात.

एवढे अर्थ शक्य झाल्यावर फाइलवर अर्थाची चिठ्ठी लावणे अपरिहार्य झाले. आयटीयूच्या एच.273 या दस्तऐवजात मूळ रंग, वक्ररेषा आणि मॅट्रिक्स (रंगांचे उजळपणा आणि रंगछटा अशा सिग्नलांत रूपांतर करणारे सूत्र) यांना क्रमांक दिले आहेत. नेहमीच्या एचडी फाइलवर 1-1-1 असते, पीक्यू फाइलवर 9-16-9 आणि एचएलजीवर 9-18-9. एक्सपोर्ट करताना 16 च्या जागी 1 पडला, तर चित्राची माहिती शाबूत राहते. पण प्लेअर ती जुन्या गॅमाने वाचतो आणि निटांचे सारे ताणलेले अंतर आखडून चित्र धुरकट होते. अशा वेळी सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवून फाइल ‘दुरुस्त’ करणे म्हणजे बरोबर चित्र बिघडवणे होय. जुन्या मानकातही हा घोळ पुरता मिटलेला नाही: 1-1-1 ची फाइल मॅकवरील क्विकटाइम प्लेअरमध्ये ग्रेडिंग मॉनिटरपेक्षा उजळ दिसते, हा कलरिस्टांचा, म्हणजे ग्रेडिंग करणाऱ्यांचा, नेहमीचा अनुभव आहे.

एचडीआर10 या पीक्यूवर आधारलेल्या स्वरूपात आणखी एक थर आहे. ज्या मॉनिटरवर ग्रेडिंग झाले त्याची मर्यादा एसटी 2086 मधून सांगितली जाते, तर संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत उजळ पिक्सेल मॅक्ससीएलएल या आकड्यातून. हा दुसरा आकडा वाटतो त्याहून नाजूक आहे. चित्र धारदार करताना कडेवर उमटलेला एखादा भटका पिक्सेलही तो वर नेतो, आणि त्यावर विसंबणारा टीव्ही सबंध चित्र विनाकारण दाबू शकतो. दृश्यागणिक बदलणारा मेटाडेटा देणाऱ्या डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर10+ या पद्धतींमागे हीच अडचण आहे.

साधा पांढरा कागद किती निटांवर ठेवायचा, हा प्रश्नही बराच काळ मोकळा होता. बीटी.2408 या अहवालाने त्यासाठी 203 निट सुचवले. पीक्यूमध्ये ते 58 टक्क्यांवर येतात, एचएलजीमध्ये 75 टक्क्यांवर. यूट्यूबने 2016 च्या नोव्हेंबरात एचडीआर स्वीकारायला सुरुवात केली आणि साध्या पडद्यांसाठीची आवृत्ती स्वतः तयार करायचे ठरवले. मात्र फाइलवर योग्य क्रमांक नसतील तर ती एचडीआर म्हणून ओळखलीच जात नाही. 2020 च्या आयफोन 12 पासून एचएलजीवर आधारलेले डॉल्बी व्हिजन चित्रीकरण खिशात आले, आणि पूर्वी फक्त मोठ्या स्टुडिओंतल्या कलरिस्टांना पडणारा हा निटांचा हिशेब लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांपुढेही येऊन ठेपला.