डॉक्टर ‘हवापालट करा’ म्हणायचे तेव्हा

जंगलात फिरल्याने मन ताजंतवानं होतं, हे सांगणारे लेख हल्ली बहुधा जपानच्या ‘शिनरिन-योकु’पासून, म्हणजे वनस्नानापासून सुरू होतात. आपल्याकडे ही गोष्ट त्याच्या दीडशे वर्षं आधी सुरू झाली होती, आणि तिचा संबंध मनाच्या थकव्याशी नसून तापाशी आणि क्षयाशी होता.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि मोबदल्यात वाईकडचं खंडाळा हे गाव दिलं. आजारी गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना थंड हवेत बरं होता यावं, हा हेतू. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला. पुढे जॉन चेसनने पाचगणी वसवली. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. समजूत चुकीची, पण उपाय थोडाफार लागू पडत होता, कारण उंचावर डास कमी.

क्षयाच्या बाबतीत हा विचार युरोपात आणखी पुढे गेला. हेरमान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने १८५० च्या दशकात सायलेशियातल्या डोंगराळ गावात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. तो स्वतः हिमालयात राहून क्षयातून बरा झाला होता, असं सांगतात. मोकळी हवा, भरपूर खाणं, विश्रांती आणि झाडांमधून बेताने फिरणं, हा तिथला दिनक्रम. तो जगभर पसरला. भारतात १९०६ मध्ये अजमेरजवळ तिलौनियाला पहिलं सॅनेटोरियम निघालं. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी ‘बेल-एअर’ सुरू केलं, तर मिरजेजवळ डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाने क्षयरोग्यांची वेगळी सोय केली. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांच्या तोंडीही ‘हवापालट करा’ हा सल्ला रुळला. ज्याची ऐपत असे तो महिना-दोन महिने जाई. परळ-लालबागच्या चाळीत खोकणाऱ्या गिरणी कामगाराला हा सल्ला मिळून तरी काय उपयोग होता? त्याचा पगारच बुडाला असता.

हा प्रश्न अखेर मद्रासमध्ये सुटला. तोवर स्ट्रेप्टोमायसिन (१९४३), ‘पास’ (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड) आणि आयसोनियाझिड (१९५२) ही क्षयावरची औषधं हाती आली होती. सॅनेटोरियममधल्या खाटा मात्र रोग्यांच्या मानाने नगण्य होत्या. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र उभं राहिलं आणि वॉलेस फॉक्स व सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांची यदृच्छेने विभागणी केली. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना शहरातल्या त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधं दिली. घरी राहिलेल्या रुग्णांचा आहार निकृष्ट, विश्रांती कमी, खोल्या कोंदट. तरीही वर्षभराने दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच आले. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या सॅनेटोरियमांचा पायाच निघाला. गरिबांच्या दृष्टीने विसाव्या शतकातलं हे फार मोठं वैद्यकीय काम आहे, आणि ते आपल्या देशात झालं याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

पण त्यानंतर निसर्गाला उपचारात काही जागा आहे, असं म्हणणंच जुनाट वाटू लागलं. क्षय हवेने बरा होत नाही, एवढंच मद्रासने दाखवलं होतं. झाडांचा माणसावर काहीच परिणाम होत नाही, असं तिथे कुणी तपासलंच नव्हतं.

ते तपासायला सुरुवात झाली ती अगदी लहान प्रमाणावर. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ मधली कागदपत्रं काढली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यांच्या वय वगैरे पाहून जुळवलेल्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाल्यांना सरासरी ७.९६ दिवसांत घरी सोडलं, भिंतवाल्यांना ८.७० दिवसांत. वेदनाशामकांचे जोरदार डोसही झाडंवाल्यांना कमी लागले. फरक पाऊण दिवसाचा, पण १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आल्यावर रुग्णालयं बांधणाऱ्यांनी त्याची दखल घेतली.

जपानच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकु’ची हाक दिली ती १९८२ मध्ये. त्यामागचे वैद्यकीय अभ्यास बरेच नंतरचे. मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅपलन यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार मला अधिक पटतो : कामात लक्ष जबरीने खिळवून ठेवावं लागतं, त्याने मेंदू शिणतो. पानांची सळसळ, वाहतं पाणी लक्ष आपसूक वेधून घेतात आणि तेवढ्या वेळात तो शीण उतरतो.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. एकदम दोन तास की थोडे थोडे करून, याने फरक पडला नाही. अर्थात धडधाकट माणूसच जास्त फिरतो, ही शंका अशा पाहणीतून पुरती फिटत नाही, आणि संशोधकांनीही तसं नमूद केलं आहे.