अलिबाग आत, कसारा बाहेर: मुंबई महानगराची हद्द ठरली कशी

"मी काय अलिबागवरून आलोय का?" असं मुंबईत कुणी आपल्याला येडा समजायला लागलं की आपण म्हणतो. गंमत अशी की आता अख्खा अलिबाग तालुका सरकारी नकाशात मुंबई महानगर प्रदेशातच येतो, आणि कसारा, जिथून रोज सीएसएमटीची लोकल सुटते, तो ज्या शहापूर तालुक्यात आहे तो तालुका हद्द वाढवली तेव्हाच्या यादीत नव्हता. भातसा आणि तानसा ही धरणंपण शहापूर तालुक्यातलीच, म्हणजे मुंबईला पाणी तिथून, पहाटेच्या गाडीने कामाला येणारी माणसं तिथून, तरी तालुका रेषेच्या बाहेर.

मुळात मुंबई म्हणजे माहीम आणि सायनला संपणारं बेट. पलीकडची साष्टी, म्हणजे आजची उपनगरं जिथे आहेत ते मोठं बेट, ठाणे जिल्ह्यात होती, 1920 ला त्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. 1950 ला महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, 1957 ला दहिसर आणि मुलुंडपर्यंत, आणि तिथे जी थांबली ती आजतागायत. जुनी रेषा मात्र अजून रस्त्यावर दिसते, वांद्रे किंवा सायनच्या पुढे रिक्षा येत नाही, टॅक्सी करा. नव्या रेषेवर जकात नाके होते, 2017 ला जीएसटी आला नि जकात गेली, पण बसमध्ये माणसं अजून "मुलुंड चेकनाका द्या" असंच म्हणतात.

पण 1957 च्या रेषेत मुंबई मावणार नव्हती हे साठच्या दशकातच कळलं होतं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या समितीने मुंबई आणि पुण्याच्या भागासाठी प्रादेशिक नियोजन करा असं सुचवलं, 1966 ला नगररचनेचा कायदा झाला, त्याखाली मुंबईसाठी प्रादेशिक मंडळ आलं. 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको, आणि 1975 च्या 26 जानेवारीला आजची एमएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेशाचं नियोजन बघणारं प्राधिकरण. मुंबई महापालिका जेमतेम 437 चौरस किमी होती आणि महानगर प्रदेश 4,355, म्हणजे जवळपास दहा पट. अलीकडच्या वाढीत पालघर तालुका आला, वसई, अलिबाग, पेण, पनवेल, खालापूर हे तालुके पूर्ण घेतले आणि आकडा 6,328 वर गेला. ही रेषा कामाला कोण कुठून येतं ते मोजून काढलेली नाही, पुढे कुठे रस्ते, कारखाने नि वस्ती वाढवायची आणि तिथलं नियोजन कुणाच्या हातात द्यायचं त्यावर ती काढलीय, माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

महानगर क्षेत्र कशाला म्हणायचं याची राज्यघटनेत व्याख्या आहे, 74 व्या दुरुस्तीने आलेली. दहा लाख किंवा जास्त लोकसंख्या, एक किंवा जास्त जिल्ह्यांत पसरलेला, दोन किंवा जास्त नगरपालिका, पंचायती किंवा लागून असलेला भाग, आणि राज्यपालांनी अधिसूचना काढून जाहीर केलेला. यातही खरा जोर त्या अधिसूचनेचाच.

जनगणनेचं गणित वेगळंच. ते 1971 पासून नागरी समूह मोजतात आणि त्यात मुख्य अट वस्ती एकमेकाला लागून असण्याची. त्यामुळे 2011 ला मुंबईच्या समूहात ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, पार बदलापूर, सगळे मिळून 1 कोटी 84 लाख लोक. आणि वसई-विरार? ते वेगळं शहर, 12 लाखांचं. संध्याकाळी दादरला विरार लोकलमध्ये चढून बघा म्हणजे कळेल वेगळं कसलं ते, बोरिवलीवाला चुकून त्या गाडीत शिरला तर त्याला उतरू देत नाहीत इतकी ती विरारकरांची गाडी. भिवंडीपण तशीच वेगळी मोजलेली.

अमेरिकेत हाच प्रश्न त्यांनी दुसऱ्या बाजूने सोडवला. 1910 च्या जनगणनेपासून महानगर जिल्हे मोजायला लागले, 1949 ला सगळ्या खात्यांसाठी एकच व्याख्या केली. काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, हा एकक धरायचा आणि तिथले किती लोक मुख्य शहराच्या काउंटीत कामाला जातात ते बघायचं, हल्ली साधारण चौथा हिस्सा जात असेल तर ती काउंटी आत. आपल्याकडे हा नियम लावला तर मध्य रेल्वेचा पासच नकाशा काढेल.

आणि रेषा आत-बाहेर झाली की भोगतं कोण, तर कल्याण-डोंबिवलीजवळची 27 गावं. 1983 ला महापालिका झाली तेव्हा आत, 2002 ला बाहेर, 2015 ला परत आत, 2020 ला त्यातली 18 बाहेर काढायचा निर्णय झाला, तो हायकोर्टाने रद्द केला. म्हणजे तिथे 1983 ला जन्मलेल्या माणसाने घर न बदलता महापालिका, मग ग्रामपंचायत, मग परत महापालिका असा प्रवास केला, आणि प्रत्येक वेळी घरपट्टी कुठे भरायची नि बांधकामाची परवानगी कुणाकडे मागायची हे नव्याने शोधलं.

2011 च्या जनगणनेत घरापासून कामाचं ठिकाण किती लांब आणि कशाने जाता हे विचारलं होतं, तक्तेही निघाले, पण हद्द ठरवायला ते वापरत नाहीत. आता 2027 ची जनगणना येतेय, त्यात वसई-विरार मुंबईच्या समूहात मोजतात की परत वेगळंच ठेवतात ते बघायचं.